पट्टा कोरडाच हवा

या अंकाच्या संपादकबाई आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. जिन्यात गाठून म्हणाल्या, "पांचाळ, इतकी वर्षं गॅरेज चालवलंत, गिऱ्हाइकांच्या गमतीजमती लिहा की. लोकांना हसायला आवडतं." मी लगेच हो म्हटलं. बाईंना आश्चर्यच वाटलं असावं, कारण सोसायटीच्या सभेत मी तोंड उघडतो ते भांडायलाच. हो म्हणण्यामागे माझं कारण वेगळं होतं, ते पुढे येईल. गमती थोड्या आहेत. त्या आधी सांगून टाकतो, म्हणजे बाईंना दिलेला शब्द पाळल्यासारखं होईल.

मी पट्ट्याचा माणूस. विसाव्या वर्षापासून कल्याण-डोंबिवलीतल्या पिठाच्या गिरण्यांचे पट्टे बसवायचे, आवळायचे, सांधायचे, हे माझं काम. गिरणीत मोटर एका कोपऱ्यात आणि जातं दुसऱ्या कोपऱ्यात. दोघांमध्ये चपटा लांब पट्टा फिरतो आणि त्याच्या जोरावर गावाचं पीठ निघतं. पुढे घरोघरी घरघंट्या आल्या, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि मी उपाशी मरतो की काय असं वाटत असतानाच बिनगिअरच्या स्कूटर आल्या. त्यांच्या पोटातही पट्टाच. मी डोंबिवली पूर्वेला गाळा घेतला आणि पुढची सगळी वर्षं त्यातच गेली.

लोकांना वाटतं, बिनगिअरच्या गाडीत गिअर नसतो. उलट तिच्यात सगळेच गिअर असतात. गिअरची गाडी म्हणजे जिना. या पायरीवर उभे राहा नाहीतर त्या पायरीवर, मध्ये काही नाही. बिनगिअरची गाडी म्हणजे हॉस्पिटलात खाटा ढकलायला असते तशी उतरण, वाटेल तिथे थांबा. हे होतं कसं? दोन बशा घ्या आणि त्यांची बुडं एकमेकींना लावा. मध्ये गोल फिरणारी एक खाच तयार होते. त्या खाचेत पट्टा. बशा जवळ आल्या की पट्टा चेपून वर कडेकडे सरकतो, लांब गेल्या की खाली खोल बसतो. अशी एक जोडी इंजिनाकडे आणि एक मागच्या चाकाकडे. पुढे पट्टा खोल आणि मागे कडेला, की गाडीत जोर येतो, चढ चढते. त्याच्या उलट झालं की वेग. एवढंच शास्त्र आहे. बाकीचं आम्ही मेकॅनिक लोक गिऱ्हाईक घाबरावं म्हणून सांगतो.

नियम एकच. बशांच्या तोंडाला आणि पट्ट्याच्या कडेला काही लागता कामा नये. तेल नको, ग्रीस नको, पाणीही नको. सगळा कारभार घासण्यावर चालतो, आणि घासणारा पट्टा कोरडाच हवा.

आता गमती. दिवा गावाहून गाडी आली की मी झाकण उघडण्याआधीच सांगायचो, बेल्ट जळलाय. दिव्यात पाण्याची बोंब, त्यामुळे स्कूटरवर पुढे दोन कॅन, मागे दोन, आणि वर बसलेली बायको, तिच्या मांडीवर कळशी. अशा वजनानं पट्टा जळणार नाही तर काय! एक जण मला म्हणाला, "काका, पाणी कमी आणायचं सोडून दुसरा काहीपण इलाज सांगा." मी काय सांगणार, कप्पाळ?

दुसरा एक गृहस्थ, चांगला शिकलेला, बँकेत अधिकारी. गाडी कुरकुरते म्हणून त्यानं रविवारी स्वतः झाकण खोललं आणि अर्धी बाटली खोबरेल तेल पट्ट्यावर ओतलं. आवाज बंद झाला. गाडीही बंद झाली, म्हणजे इंजिन ओरडतंय आणि चाक ढिम्म. मी त्याला गाळ्यातल्या सगळ्या लोकांसमोर झापला. "साहेब, तेल डोक्याला लावा. ज्यातलं कळत नाही त्याला हात लावू नये." तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता. ते वाक्य मी त्याला ज्या तोऱ्यात ऐकवलं, तो तोरा मला आजही आठवतो.

गमती संपल्या.

ठाण्याच्या नौपाड्यातले एक दातांचे डॉक्टर, डॉक्टर लेले, त्यांना जुन्या गाड्यांचा नाद होता. दवाखान्यामागच्या पडवीत त्यांनी एक मोटरसायकल ठेवली होती, शंभर वर्षांच्या पलीकडची, विलायती. नाशिककडच्या कुणाच्या गोठ्यात पोत्यांखाली सापडलेली. कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी गाडीजवळ उकिडवा बसलो आणि बघतच राहिलो. इंजिनावर दोन बशा, मागच्या चाकाला दोन मोठ्या बशा, मध्ये पट्टा. आमच्या स्कूटरची ती पणजी होती. फरक एवढाच की आजच्या स्कूटरमध्ये बशा आपोआप सरकतात, आणि या गाडीत टाकीच्या बाजूला हातभर लांब दांडा होता. दांडा पुढे ढकलला की वेग, मागे ओढला की जोर. एकाच दांड्यानं पुढच्या बशा उघडायच्या आणि त्याच वेळी मागच्या मिटायच्या. ज्यानं हे शंभर वर्षांपूर्वी योजलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

डॉक्टर म्हणाले, "पांचाळ, चढाच्या शर्यतीत या गाड्यांनी तिकडे इतका धुमाकूळ घातला होता म्हणे, की बाकीचे तक्रार करायला लागले, हा अन्याय आहे म्हणून. मला ही पुन्हा चढावर पळताना बघायचीय."

डॉक्टर आणि त्यांच्यासारखे हौशी लोक दर हिवाळ्यात एक शर्यत भरवत. शिळफाट्याच्या अलीकडे टेकडीवर एक गृहसंकुल अर्धवट राहिलंय. इमारती उभ्या राहिल्याच नाहीत, पण वर जाणारा वळणावळणाचा काँक्रीटचा रस्ता मात्र झाला. तो एका दिवसासाठी मागून घ्यायचा आणि एकेका जुन्या गाडीनं वर जायचं. खाली एक घड्याळवाला, वर एक. बक्षीस म्हणजे एक कप, पण डॉक्टरांच्या डोळ्यांत ते बक्षीस केवढं होतं ते मी पाहिलंय.

स्वतः डॉक्टर वजनदार. त्यामुळे गाडी चालवणार त्यांची मुलगी केतकी. तेव्हा तिशीची असेल, घरांचे नकाशे काढायची. माझ्या गाळ्यात येऊन पालथ्या डब्यावर बसायची आणि विचारायची, "काका, हा दांडा वळणाच्या आधी ओढायचा की वळणात?" मी म्हणायचो, "आधी गं. वळणात दोन्ही हात हँडलला हवेत." तिनं ते वहीत लिहून घेतलं होतं. इतकी नीट शिकणारी माणसं आमच्या धंद्यात फार येत नाहीत.

गाडी मी सहा महिन्यांत उभी केली. अडलं फक्त पट्ट्यापाशी. रबरी पट्टा मिळाला असता, पण डॉक्टरांचा हट्ट, मूळचा चामड्याचा होता तर चामड्याचाच हवा. असा पट्टा शिवणारा माणूस मला एकच ठाऊक होता. कल्याणच्या जुन्या बाजारातले बाळाराम खेडेकर.

खेडेकर मूळचे खेडच्या बाजूचे. वडिलांपासून चामड्याचं काम. गिरण्यांच्या दिवसांत अर्ध्या तालुक्याचे पट्टे त्यांच्या हातचे होते आणि ते बसवणारा मी, त्यामुळे ओळख जुनी. गिरण्या गेल्यावर ते चपला शिवायचे, शाळेची दप्तरं सांधायचे, कुणाचा ढोलकीचा पट्टा करून द्यायचे. पण हात तोच. डॉक्टरांच्या गाडीसाठी त्यांनी म्हशीच्या चामड्याचे थर एकावर एक ठेवले, दाभणानं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं शिवले, आणि मग दोन्ही कडा तिरक्या तासल्या, बशांच्या खाचेत नेमक्या बसतील अशा. महिना घेतला. एक टाका मनासारखा पडला नाही म्हणून हातभर शिवण उसवून पुन्हा घातली. मी म्हटलं, "दादा, कोण बघतंय?" ते म्हणाले, "मी बघतोय ना."

पट्टा माझ्या हातात देताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "पांचाळ, याला काही लावू नका. नवीन चामडं हाये, सुरुवातीला सरकंल. दोन-चार फेऱ्या हळू चालवा, आपोआप बसंल. तवर दम धरा." मी हसलो. म्हटलं, "मला सांगताय होय? आयुष्य गेलं पट्ट्यात."

शर्यतीच्या दिवशी सकाळी टेकडीवर दव पडलं होतं. सरावाच्या फेरीत केतकीनं गाडी सोडली, आणि पहिल्याच चढाला पट्टा सरकायला लागला. इंजिन भुंकतंय आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं वर जातेय. रस्त्याच्या कडेनं उभ्या असलेल्या लोकांपैकी कुणीतरी टाळ्या वाजवल्या, चिडवायला वाजवतात तशा. डॉक्टर रुमालानं चष्मा पुसत राहिले. मला ते सहन झालं नाही.

आता गिरणीतली एक रीत सांगायला हवी. गिरणीचा चपटा पट्टा पावसाळ्यात सैलावला, सरकायला लागला, की आम्ही त्याला राळ लावायचो. झाडाचा डिंक असतो, पिवळसर, काचेसारखा खडा. व्हायोलिनवाले गजाला घासतात तोच. पट्टा फिरता ठेवून खडा नुसता टेकवायचा, की पट्टा पकडलाच. गिरणीवाला खूश. माझ्या हत्यारांच्या पेटीत राळेचा खडा कायम असायचा. गिरण्या बंद पडून पंधरा वर्षं झाली तरी तो तिथेच होता.

स्कूटरच्या पट्ट्याला मी मेलो तरी राळ लावली नसती. बँकेतल्या साहेबाला तेलावरून झापणारा मीच. पण हा पट्टा चामड्याचा होता, खेडेकरांच्या हातचा, आणि चामडं हातात आलं की माझे हात गिरणीत जायचे. गिरणीचा पट्टा जन्मभर एकाच जागी फिरतो. त्याला वर-खाली सरकायचं नसतं, म्हणून त्यानं कितीही घट्ट धरलं तरी चालतं. या गाडीचा पट्टा मात्र बशांमध्ये घसरला तरच गिअर बदलतो. त्यानं धरलंही पाहिजे आणि वेळेला सोडलंही पाहिजे. हे मी तुम्हाला वर दोन बशा घेऊन समजावलं. त्या सकाळी मला ते आठवलं नाही. खेडेकरांचं बोलणं आठवलं होतं, आणि तरीही मी पेटी उघडली.

कुणाचं लक्ष नव्हतं. मी पट्ट्याच्या दोन्ही कडांना राळ घासली, हाताच्या उबेनं मऊ करून, चांगली जिरवून.

दुसऱ्या फेरीत गाडी सुटली ती बाणासारखी. वरच्या घड्याळवाल्यानं फोनवर वेळ सांगितली तेव्हा मघाशी टाळ्या वाजवणारे गप्प झाले. डॉक्टरांनी माझे दोन्ही खांदे धरून हलवले. "पांचाळ, काय जादू केलीत?" मी म्हटलं, "काही नाही, पट्टा बसला." हे माझं पहिलं खोटं, आणि ते बढाईपोटी होतं.

शेवटची फेरी दुपारी. ऊन चढलं होतं, पट्टा तापला होता आणि राळ पाघळली होती. तिसऱ्या वळणाच्या आधी केतकीनं दांडा मागे ओढला, मी शिकवलं होतं तसा, अगदी वेळेवर. पुढच्या बशा उघडल्या, पण पट्टा त्यांना चिकटलेला, खाली उतरेना. तिकडे मागच्या बशा मिटल्या आणि त्यांनी पट्टा वर ओढला. दोन्हीकडून ताण आला. पट्टा तुटला, त्याचं टोक मागच्या चाकात गुंडाळलं आणि चाक जागीच आवळलं. आम्ही खालून फक्त आवाज ऐकला. इंजिनाचा आवाज एकदम थांबला आणि मग काँक्रीटवर लोखंड घासत गेल्याचा आवाज.

गाडी केतकीच्या पायावर पडून वीस-पंचवीस फूट घासत गेली होती. डॉक्टर धावत वर गेले. त्या वजनाचा माणूस असा धावेल असं मला वाटलं नव्हतं. लोकांनी केतकीला जीपमध्ये घातलं. ती शुद्धीवर होती आणि ओरडत नव्हती, हे मला अजून जास्त भयंकर वाटतं. जीप गेली. गाडीपाशी मी एकटा उरलो. खिशातून फडकं काढलं, टाकीतलं पेट्रोल त्याच्यावर ओतलं, आणि चारही बशांची तोंडं पुसली. मग पट्ट्याच्या कडा पुसल्या. काम झालं की पुसायची सवय असते, त्या सवयीनं पुसलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सवयीनं पुसणारा माणूस इकडेतिकडे बघत नाही. मी बघितलं होतं.

केतकीचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मी दहाव्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. त्याआधी जायचं धैर्य झालं नाही. डॉक्टर खिडकीपाशी उभे होते. केतकीनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "काका, खरं सांगा. मी दांडा चुकीचा ओढला का? उशिरा ओढला का? मी रोज रात्री तेच वळण पुन्हा घेते." मी म्हटलं, "नाही गं बाळा. तुझी काही चूक नाही. पट्टा तुटला." ती रडली. सुटल्यासारखी रडली. तिला त्या वळणातून सोडवायला मी बोललो, आणि जे बोललो त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पट्टा तुटलाच होता. खिडकीपाशी उभे असलेले डॉक्टर वळले आणि म्हणाले, "पट्टा." एवढंच. मी तेव्हा पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. ते माझ्या जिभेवर होतं. मी संत्री टेबलावर ठेवली आणि निघालो.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही कल्याणला खेडेकरांच्या दुकानात गेलो. बरोबर त्यांच्या शर्यतवाल्या मंडळींपैकी तिघे-चौघे होते. डॉक्टरांनी तुटका पट्टा खेडेकरांच्या पुढ्यात टाकला. इतका सभ्य माणूस, कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी भर बाजारात ते ओरडत होते. "माझ्या मुलीचा पाय गेला! सडकं चामडं वापरलंत तुम्ही!" खेडेकर उठून उभे राहिले. त्यांनी आधी विचारलं, "ताई कशा हायेत?" मग पट्टा उचलला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "साहेब, शिवण बघा. सांध्यातनं न्हाई तुटला. एक टाका उसवला न्हाई. चामडं मधनंच फाटलंय, कशानंतरी ओढून फाडल्यासारखं." कुणी बघितलं नाही. मागून एक जण म्हणाला, "वहाणा शिवणाऱ्याकडून शर्यतीचा पट्टा घेतल्यावर दुसरं काय होणार?"

खेडेकरांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्यावर संशय घेत नव्हते. त्यांना एक जाणकार हवा होता, जो पट्टा हातात घेऊन म्हणेल की हो, शिवण शाबूत आहे. तेवढं म्हणायला मला राळेचं नावही काढावं लागलं नसतं. मी खाली त्यांच्या हत्यारांकडे बघत राहिलो.

पुढचं सगळं मला कल्याणच्या ओळखीच्यांकडून कळत गेलं. बाजारात झालेला तमाशा बाजार विसरत नाही. दप्तरवाले, ढोलकीवाले दुसरीकडे जायला लागले. एका शाळेच्या बँडचं काम हातात होतं, ते काढून घेतलं. "त्याच्या पट्ट्यानं पोरीचा पाय गेला," एवढं वाक्य पुरे होतं. दीड वर्षात दुकान बंद. त्यांचा मुलगा रिक्षा चालवायला लागला. मी त्या रस्त्यानं जायचं टाळायला लागलो. कल्याणला काम निघालं की लांबचा वळसा घालायचो आणि कुणी विचारलं तर म्हणायचो, तिकडे ट्रॅफिक फार.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी भेकड माणूस आहे असं मला वाटत नव्हतं. युनियनच्या मोर्च्यात लाठी खाल्लेली आहे, गाळ्यासाठी गुंडांशी भांडलोय. पण त्या वेळची भीती निराळी होती. केतकी माझ्याकडे बघेल ती कशी बघेल, याची भीती. ती भीती मी खेडेकरांच्या दुकानाची किंमत देऊन आठ वर्षं लांब ठेवली.

गेल्या वर्षी डॉक्टर लेले वारले. शोकसभेत त्यांच्या मंडळींपैकी एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता म्हणाले, "एका निष्काळजी कारागिरामुळे या घरावर केवढं संकट आलं, पण डॉक्टर डगमगले नाहीत." सभेनं माना हलवल्या. मागच्या खुर्चीवर बसून मी ते ऐकलं. डॉक्टर गेले, उद्या मी जाईन, खेडेकर जातील, आणि ही गोष्ट अशीच सांगितली जाईल, हे मला तिथे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी खेडेकरांच्या घरी गेलो. त्यांनी मला आत घेतलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. मी चहा येण्याआधीच सगळं सांगितलं. राळ, फडकं, पेट्रोल, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, शिव्या देतील, हाकलतील. मी त्या ऐकायच्या तयारीनंच गेलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्या मिळाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ते म्हणाले, "पांचाळ, हे मला कशापायी सांगता? माझा पट्टा माझ्यामुळं तुटला न्हाई, हे मला पयल्या दिवसापासनं म्हाईत हाये. ज्यान्ला म्हाईत न्हाई त्यान्ला जाऊन सांगा."

चहा आला. तो प्यावा की नाही हे मला कळेना. त्यांनीच कप पुढे सरकवला.

मी तिथून उठलो तो नौपाड्यात केतकीकडे गेलो. ती आता कृत्रिम पायावर चालते, घरातल्या घरात काठीही घेत नाही. तिनं दार उघडून "या काका" म्हटलं आणि मी उंबऱ्यातच बोलायला सुरुवात केली, कारण आत जाऊन बसलो असतो तर पुन्हा गप्प राहिलो असतो. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पायाचं सोडा. तो कुणाकडूनही गेला असता. पण बाबा त्या माणसाला काय काय बोलले होते, काका. घरी येऊनही कितीदा बोलायचे. ते चूक बोलत होते हे त्यांना कळायला हवं होतं. आणि तुम्ही तिथे उभे होतात."

मी हात जोडले. ती म्हणाली, "हात काय जोडताय? बाबांनी चारचौघांत सांगितलं होतं. तुम्हीही चारचौघांत सांगा." आणि तिनं दार लावलं. जोरात नाही, नेहमी लावतात तसं.

चारचौघे कुठून आणायचे, या विचारात मी वर्ष घालवलं. टाळाटाळच ती, दुसरं नाव नको. मग बाईंनी जिन्यात गाठलं. हा अंक ठाण्यात नौपाड्यापर्यंत जातो, जुन्या गाड्यांच्या मंडळींतले निदान सहा जण त्याचे वर्गणीदार आहेत, हे मी त्यांना उभ्या उभ्या विचारून घेतलं आणि हो म्हटलं.

तर ऐका. शिळफाट्याच्या टेकडीवर जो पट्टा तुटला तो कल्याणच्या बाळाराम खेडेकरांनी शिवला होता आणि तो निर्दोष होता. काही लावू नका असं त्यांनी मला बजावलं होतं. मी राळ लावली. नंतर ती पुसली. नंतर त्यांच्या दुकानात उभा राहून गप्प बसलो. डॉक्टर लेल्यांना हे शेवटपर्यंत कळलं नाही. ते माझ्यामुळे कळलं नाही.

हा मजकूर बाईंकडे देण्याआधी मी कल्याणला जाऊन खेडेकरांना वाचून दाखवला. त्यांच्या नावानं छापायचं तर त्यांना विचारायला हवं होतं. ते पलंगावर बसून, कानाशी हात धरून ऐकत होते. कुठे थांबवलं नाही. अगदी शेवटी मी एक ओळ घातली होती, की कुणाला चामड्याचं चोख काम करून हवं असेल त्यांनी खेडेकरांकडेच जावं, या तालुक्यात तसा दुसरा हात नाही.

"तेवढं खोडा," ते म्हणाले.

मी विचारलं, "का दादा? खरंच आहे की."

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं थरथरत होती. "दाभण धरवत न्हाई आता. दोरा तर दिसतच न्हाई. लोक येतील आशेनं, आन् मला न्हाई म्हणावं लागंल. ही ओळ तवा पायजे होती, पांचाळ."

मी खिशातून पेन काढलं आणि त्यांच्यासमोर ती ओळ खोडली.